सारखी सर्दी, सारख्या शिंका : ॲलर्जी ओळखा, उपचार समजून घ्या

वस्तीतल्या आरोग्य तपासणीला बसले की एक तक्रार हमखास येते : "सिस्टर, माझी सर्दी काही जातच नाही." कोणाची सर्दी पाऊस ओसरला की सुरू होते आणि दिवाळीपर्यंत टिकते. कोणाला होळीच्या आसपास डोळे चोळून चोळून लाल होतात. कोणाचे नाक बारा महिने चोंदलेलेच असते, रात्री तोंड उघडे ठेवून झोपावे लागते. घरातले सांगतात, "हिला सायनस आहे." मग मेडिकलमधून चार गोळ्या आणायच्या, दोन दिवस बरे वाटायचे आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

यातल्या पुष्कळ जणांना खरे म्हणजे सर्दी नसतेच, नाकाची ॲलर्जी असते. सर्दी हा विषाणूंचा संसर्ग आहे. ॲलर्जीत जंतूच नसतात, त्यामुळे अँटिबायोटिकचे कितीही कोर्स केले तरी ती जात नाही. पैसे जातात, रोजी बुडते, मुलाचे अभ्यासात लक्ष लागत नाही. रात्रीची झोप नीट न झाल्यामुळे बाई दिवसभर चिडचिडी होते आणि वर 'हिला कामाचा कंटाळा आहे' असा शेराही मिळतो. म्हणून हा आजार नीट ओळखणे महत्त्वाचे आहे.

ॲलर्जी म्हणजे काय?

आपल्या शरीराची प्रतिकारशक्ती म्हणजे वस्तीचा राखणदार. चोर आला की त्याने शिट्टी मारावी हे बरोबर. पण दूधवाला, पेपरवाला दिसला तरी तो शिट्टी मारू लागला तर सगळ्यांची झोपमोड होणारच. ॲलर्जीत हेच घडते. फुलांचे परागकण, घरातली धूळ, बुरशी या गोष्टी बहुतेक लोकांना काही करत नाहीत. काहींचे शरीर मात्र त्यांना शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रतिपिंडे तयार करते. पुढच्या वेळी तोच पदार्थ नाकात गेला की नाकातल्या विशिष्ट पेशींमधून 'हिस्टामिन' हे रसायन बाहेर पडते. शिंका, खाज, पाणी गळणे आणि सूज हा सगळा त्याचाच प्रताप.

'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली पहिल्यांदा वापरला. म्हणजे शब्दाला सव्वाशे वर्षेही झालेली नाहीत. त्यामुळे त्याभोवती गैरसमज भरपूर आहेत. ॲलर्जी संसर्गजन्य नाही, एकाची दुसऱ्याला लागत नाही. ती अशक्तपणामुळे होत नाही. आईला किंवा वडिलांना ॲलर्जी, दमा किंवा त्वचेचा इसब असेल तर मुलांना ती होण्याची शक्यता वाढते, एवढे मात्र खरे.

आणखी एक गैरसमज फार नुकसान करतो. नाक गळते म्हणून मुलांचे केळे, दही, अंडी, दूध सगळे बंद केले जाते. नाकाची ॲलर्जी बहुतेक वेळा श्वासातून जाणाऱ्या गोष्टींमुळे होते. नुसत्या शिंका आणि गळके नाक खाण्याच्या ॲलर्जीमुळे असणे फार क्वचित घडते. ठरावीक पदार्थ खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, उलट्या होणे असे दर वेळी घडत असेल तर ती गोष्ट वेगळी, ती डॉक्टरांना दाखवावी. पण उगाच संशयावरून वाढत्या मुलाच्या ताटातले अंडे आणि दूध काढू नका. सर्दी तर जाणार नाहीच, वर मूल मात्र वाळेल.

हंगामी आणि बारमाही

नाकाच्या ॲलर्जीचे ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत.

हंगामी ॲलर्जी मुख्यतः परागकणांमुळे होते. आपल्याकडे पावसाळा संपता संपता, सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या सुमारास गवतांना तुरे येतात आणि हवेत त्यांचे पराग पसरतात. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात वावळासारखी झाडे फुलतात आणि त्यांचे हलके पराग वाऱ्यावर दूरवर जातात. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. गुलाब, जास्वंद अशी रंगीत, मोठी फुले सहसा गुन्हेगार नसतात, कारण त्यांचे जड पराग किडे वाहून नेतात. त्रास देतात ती वाऱ्यावर पराग सोडणारी, डोळ्यांना न दिसणारी फुले.

गाजर गवत, म्हणजे ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, त्याचा वेगळा उल्लेख करायला हवा. मूळचे अमेरिका खंडातले हे तण १९५०च्या दशकात पुण्यात आढळल्याची नोंद आहे आणि तिथून ते देशभर पसरले. रस्त्याकडेला, पडीक जागेत, रेल्वेच्या कडेने, शाळेच्या मैदानात सगळीकडे ते माजते. त्याच्या परागांनी नाकाची ॲलर्जी होते आणि झाडाच्या स्पर्शाने किंवा हवेतल्या कणांनी चेहरा, मान, हात यांवर खाज सुटून कातडी जाड आणि काळी पडते. हे गवत उपटायचे असेल तर फुलोऱ्यावर येण्याआधी, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि नाकाला फडके बांधूनच उपटा. ज्याला आधीच त्रास आहे त्याने या कामाला हातच लावू नये.

बारमाही ॲलर्जीची कारणे घरात असतात. पहिले कारण धुळीतले सूक्ष्म किडे. गोचिडाच्या जातकुळीतले हे किडे जेमतेम पाव ते अर्धा मिलिमीटर असतात, नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर ते जगतात. ते चावत नाहीत, पण त्यांच्या विष्ठेचे कण नाकात गेले की ॲलर्जी होते. गादी, उशी, गोधडी, सोफा ही त्यांची घरे आणि दमट हवा त्यांना मानवते. मुंबई आणि कोकणपट्टीत त्यांचे फावते ते यामुळेच. दुसरे कारण झुरळे, तिसरे ओल आलेल्या भिंतीवरची बुरशी, चौथे कुत्र्या-मांजरांच्या अंगावरचा कोंडा.

धूर ही मात्र वेगळी गोष्ट. चूल, विडी-सिगारेट, कचरा जाळणे, डासांची कॉइल, अगरबत्ती यांचा धूर ही बहुतेकदा ॲलर्जी नसते. तो आधीच सुजलेल्या नाकाला आणि श्वासनलिकेला चिडवतो. घरात दमेकरी असेल तर सकाळ-संध्याकाळच्या वंदनेला फुले आणि मेणबत्ती पुरे, बंद खोलीत अगरबत्ती नको. विहारात अगरबत्ती लावायचीच असेल तर खिडक्या उघड्या ठेवा.

कामाच्या जागेचाही विचार करा. रस्ते झाडणे, कचरा वेचणे, पिठाची गिरणी, धान्य चाळणे, कापूस पिंजणे, बांधकाम या कामांत धूळ दिवसभर नाकात जाते. त्यात पिठाची धूळ तर स्वतःच ॲलर्जी घडवते. सुट्टीच्या दिवशी किंवा गावी गेल्यावर त्रास कमी होतो आणि कामावर आल्यावर वाढतो का, हे बघा. तसे असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. धूळ उडू नये म्हणून आधी पाणी मारणे, नाकावर नीट बसणारा मास्क मिळणे यासाठी मुकादमाकडे, ठेकेदाराकडे मागणी करा. ही साधने म्हणजे मेहरबानी नाही, काम करणाऱ्याचा तो हक्क आहे.

सर्दी की ॲलर्जी? फरक असा ओळखा

साधी सर्दी सात ते दहा दिवसांत बरी होते. तिच्यात अंगदुखी, कणकण असते, घसा दुखतो आणि घरातल्या इतरांनाही ती लागते. ॲलर्जीत ताप नसतो. एकामागून एक शिंका, नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव, नाक-डोळे-टाळू यांना खाज ही तिची खूण. खाज हा फार मोठा पुरावा आहे. त्रास आठवडे-महिने चालतो, ठरावीक ऋतूत, ठरावीक जागी किंवा सकाळी उठल्या उठल्या वाढतो.

मुलांमध्ये आणखी खुणा दिसतात. तळहाताने नाक सारखे वर चोळण्याची सवय, त्यामुळे नाकावर पडलेली आडवी रेघ, डोळ्यांखाली काळपट वर्तुळे, तोंडाने श्वास घेणे, घोरणे. अशा मुलाला 'शेंबडा' म्हणून चिडवू नका, डॉक्टरांना दाखवा.

निदान कसे होते?

ॲलर्जीचे निम्म्याहून अधिक निदान तुमच्या बोलण्यातून होते. दवाखान्यात जाण्याआधी दोन आठवडे एका वहीत लिहून ठेवा : त्रास कधी झाला, कुठे झाला, त्या वेळी काय करत होतो, आठवड्यातून किती दिवस होतो, झोप मोडते का, घरात कोणाला दमा किंवा इसब आहे का, आजवर कोणत्या गोळ्या घेतल्या. आठवड्यातून चार किंवा अधिक दिवस आणि सलग चार आठवड्यांहून जास्त काळ त्रास असेल तर डॉक्टर त्याला 'सततची' ॲलर्जी मानतात आणि उपचारही त्याप्रमाणे ठरवतात.

मग डॉक्टर नाक तपासतात. ॲलर्जीत नाकाच्या आतले आवरण सहसा फिकट, निळसर आणि सुजलेले दिसते. मस्सा आहे का, नाकाचा पडदा वाकडा आहे का, हेही पाहतात. साध्या ॲलर्जीसाठी सायनसच्या एक्स-रेची गरज नसते.

इतके झाल्यावर बहुतेकांना लगेच उपचार सुरू करता येतात, चाचण्यांची गरज पडत नाही. औषधांनी आटोक्यात येत नसेल किंवा नेमके कारण शोधायचे असेल तर दोन चाचण्या उपयोगी पडतात.

पहिली 'स्किन प्रिक टेस्ट'. हाताच्या पुढच्या भागावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवून बारीक टोचणी मारतात. रक्त निघत नाही. १५ ते २० मिनिटांत ज्या जागी डास चावल्यासारखी गांधी उठते त्या पदार्थाबद्दल शरीर संवेदनशील आहे असे समजते. चाचणीआधी साधारण आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर निकाल चुकतो. ही चाचणी तज्ज्ञाकडेच, तातडीच्या औषधांची सोय असलेल्या जागी करावी. दुसरी चाचणी म्हणजे विशिष्ट पदार्थाविरुद्धच्या आयजीईची रक्ततपासणी. ज्यांना गोळ्या बंद करता येत नाहीत किंवा अंगभर त्वचारोग आहे त्यांना ती सोयीची.

एकूण आयजीई किंवा इओसिनोफिल वाढले म्हणजे ॲलर्जीच, असे नाही. पोटात जंत असले तरी हे आकडे वाढतात. तसेच चाचणी पॉझिटिव्ह आली, पण त्या पदार्थाने प्रत्यक्षात त्रास होत नसेल, तर त्या निकालाला अर्थ नाही. म्हणून शेकडो पदार्थांचे महागडे 'पॅकेज' घेऊ नका. केस तपासून किंवा आयजीजी मोजून ॲलर्जी शोधून देतो म्हणणाऱ्यांना शास्त्रीय आधार नाही.

आणि हे विसरू नका : दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तो ॲलर्जीचाच आहे असे घरी ठरवू नका. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. क्षयरोगाची तपासणी आणि उपचार तिथे मोफत आहेत.

उपचाराच्या पायऱ्या

पहिली पायरी, कारण टाळणे. ते पूर्ण टळत नाही, पण कमी नक्की करता येते. चादरी, अभ्रे, गोधड्या आठवड्यातून एकदा शक्य तितक्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. धुळीतले किडे मरायला पाणी ५५ ते ६० अंश गरम लागते. गाद्या उन्हात टाका आणि झटका, पण झटकण्याचे काम त्रास असलेल्या माणसाने करू नये. झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. पलंगाखाली आणि माळ्यावर वर्षानुवर्षे पडलेले जुने कपडे, रद्दी काढून टाका. खरकटे रात्री झाकून ठेवा म्हणजे झुरळे कमी होतील. ओल असेल तर गळती शोधून बुजवा, नुसता रंग मारून भागत नाही. परागांच्या दिवसांत बाहेरून आल्यावर तोंड-हात धुवा, कपडे बदला. दहा बाय दहाच्या खोलीत सगळे जमत नाही हे मला ठाऊक आहे. निदान झोपायची जागा सांभाळा, कारण दिवसाचे सात-आठ तास आपले नाक उशीला लागलेले असते.

दुसरी पायरी, मिठाच्या पाण्याने नाक धुणे. अर्धा लिटर पाणी चांगले उकळून कोमट होऊ द्या, त्यात सपाट पाऊण चहाचा चमचा मीठ विरघळवा. वाकून एका नाकपुडीत हळू सोडा, दुसरीतून येऊ द्या. नळाचे किंवा विहिरीचे कच्चे पाणी नाकात कधीही घालू नका. त्यातला एक अमिबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो. हे क्वचित घडते, पण जिवावर बेतते.

तिसरी पायरी, ॲलर्जीच्या गोळ्या. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन या गोळ्या शिंका, खाज आणि गळते नाक यांवर चांगल्या चालतात. जुन्या क्लोरफेनिरामिनने गुंगी फार येते. सेटिरिझिननेही काहींना झोप येते, म्हणून रिक्षा-ट्रक चालवणाऱ्यांनी आणि यंत्रावर काम करणाऱ्यांनी डॉक्टरांना आपले काम सांगूनच गोळी निवडावी. सेटिरिझिन साधारणतः सरकारी आरोग्य केंद्रात मिळते. जनऔषधी केंद्रातली जेनेरिक औषधेही खूप स्वस्त पडतात.

चौथी पायरी, नाकाचा स्टिरॉइड स्प्रे : फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड. सततच्या ॲलर्जीत आणि चोंदलेल्या नाकावर हे सर्वांत प्रभावी औषध आहे. 'स्टिरॉइड' शब्द ऐकून घाबरू नका. याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती नाकातच काम करते. पण पद्धत बरोबर हवी. आधी नाक शिंकरून साफ करा, बाटली हलवा, मान किंचित खाली झुकवा. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, तोंड मधल्या पडद्याकडे न करता कानाच्या दिशेला करून फवारा मारा. जोरात ओढू नका, नाहीतर औषध घशात उतरते. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, तोवर रोज मारत राहा. दोन दिवसांत फरक नाही म्हणून फेकून देऊ नका. मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना कोणतेही औषध डॉक्टरांना विचारूनच द्यावे.

पाचवी पायरी, इम्युनोथेरपी. ज्याची ॲलर्जी आहे त्याचाच अर्क अगदी थोड्या मात्रेत, वाढवत वाढवत देऊन शरीराला त्याची सवय लावायची. लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी १९११ साली गवताच्या परागांचा असा प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही पद्धत सुधारत आली आहे. इंजेक्शन किंवा जिभेखालचे थेंब असे दोन प्रकार आहेत. उपचार तीन ते पाच वर्षे चालतो. इंजेक्शननंतर निदान अर्धा तास दवाखान्यातच थांबावे लागते. दमा आटोक्यात नसेल तर हा उपचार सुरू करत नाहीत. चाचणी न करता 'सगळ्या ॲलर्जीची बाटली' देणाऱ्यापासून दूर राहा.

हे करू नका

नाक लगेच मोकळे करणारे थेंब, म्हणजे झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन, तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नका. त्यांची सवय लागते आणि थेंब थांबवले की नाक आधीपेक्षा जास्त चोंदते. कित्येक जण वर्षानुवर्षे खिशात बाटली घेऊन फिरतात ते यामुळेच.

दर हंगामाला 'एक इंजेक्शन आणि सहा महिने आराम' हा सौदा महागात पडतो. ते बहुधा स्टिरॉइडचे असते. स्टिरॉइडच्या गोळ्याही तशाच. वारंवार घेतल्यास साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, चेहरा सुजतो. दम्याच्या आणि सर्दीच्या नावाने मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्येही स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. जो बऱ्याच दिवसांपासून अशा गोळ्या घेत आहे त्याने त्या एकदम बंद करू नयेत, तेही धोक्याचे असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्यात.

माँटेलुकास्ट असलेली गोळी स्वतःहून महिनोन्महिने घेऊ नका. काहींना तिने भयानक स्वप्ने, चिडचिड, उदासी, आत्महत्येचे विचार येतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० साली याबद्दल सर्वांत कडक इशारा दिला. मुलाच्या वागण्यात असा फरक दिसला तर ताबडतोब डॉक्टरांना सांगा.

दम्याकडे लक्ष ठेवा

नाक आणि फुप्फुस ही एकाच वाटेची दोन टोके. दमा असलेल्या बहुतेकांना नाकाची ॲलर्जी असते आणि नाकाची ॲलर्जी असलेल्या काहींना पुढे दमा होतो. रात्री किंवा पहाटे खोकला, छातीत सूं-सूं आवाज, जिना चढताना किंवा खेळताना धाप, छाती आवळल्यासारखी वाटणे यांपैकी काही असेल तर फुंकर मारून करायची फुप्फुसांची तपासणी करून घ्या. पंप दिला तर घ्या. 'पंपाची सवय लागते' ही निव्वळ अफवा आहे. पंपाचे औषध थेट फुप्फुसात जाते, म्हणून गोळीपेक्षा कितीतरी कमी लागते.

एकाच बाजूचे नाक सतत बंद, नाकातून रक्त किंवा दुर्गंधी, चेहऱ्यावर सूज, वास अजिबात न येणे, दिसण्यात फरक असे काही असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना लवकर दाखवा. आणि औषध, खाणे किंवा माशी-मधमाशीच्या दंशानंतर अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, धाप, चक्कर अशी लक्षणे झपाट्याने वाढली तर एक मिनिटही न दवडता १०८ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. तिथे मांडीत द्यायचे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन जीव वाचवते. घरगुती उपाय आणि अंगारे-धुपारे यांत वेळ घालवू नका.

ॲलर्जी 'मुळापासून कायमची घालवतो' अशी हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, पण ती आटोक्यात येतच नाही असेही मानू नका. उपचार बरोबर चालले आहेत की नाही हे तीन प्रश्नांवरून कळते : रात्री झोप शांत लागते का? कामावर किंवा शाळेत खाडा होतो का? शिंकांमुळे काही करायचे अडते का? महिनाभर नीट औषध घेऊनही उत्तरे समाधानकारक नसतील तर दवाखाने बदलत बसू नका. तीच वही घेऊन त्याच डॉक्टरांकडे परत जा आणि न लाजता विचारा, "आता पुढची पायरी कोणती?"